घरात, दारात, रस्त्यात, पोचली

आमच्याकडे, म्हणजे पेणपासून रोह्यापर्यंतच्या पट्ट्यात, ‘निघालो’ हा शब्द ऐकून कोणी चहाचं आधण ठेवत नाही. ‘निघालो’ म्हणजे निघायला हवं हे त्या माणसाला पटलं आहे, एवढंच. ‘निघालोच’ म्हणजे तो अंघोळीला गेला आहे. ‘हा काय, पोचलोच’ म्हणजे चप्पल सापडत नाही. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाचं काही अडत नाही. लग्नं लागतात, मूर्ती ट्रकात चढतात, भांडणंसुद्धा वेळेवर होतात.

हे चालवून न घेणारं एकच माणूस मला या पट्ट्यात भेटलं. प्रमिला ठाकूर. सगळे त्यांना पमाताई म्हणत. फोन करून ‘ताई, कुठे आहात?’ विचारलं की उत्तर येई, ‘घरात. केस ओले हायत. माझी वाट बघू नका, भजी खाऊन घ्या.’ पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला अपमान झाल्यासारखं वाटलं. इतकं खरं बोलायला आमची काही एवढी ओळख नव्हती.

ओळख झाली ती पेणमध्ये, एका मूर्तीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. तिथे एका तरुणाने मोबाइल ॲपची कंपनी काढली होती. तरुणाचं नाव शिरीष. दारावर ‘संस्थापक’ अशी पाटी होती आणि ती दाराच्या मानाने मोठी होती. ॲपचं नाव ‘मखर’. मुंबई-पुण्याच्या गिऱ्हाइकाने मोबाइलवर मूर्ती बघावी, उंची निवडावी, आगाऊ नोंदवावी आणि कारखानदाराने ती नोंद आपल्या मोबाइलवर बघावी, अशी योजना. योजना चांगली होती. खालून प्लॅस्टरची पांढरी पूड वर यायची आणि सगळ्यांच्या कीबोर्डवर बसायची. मी संध्याकाळी घरी गेलो की बायको मला दारातच झटकायची.

मी कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवायचो. शिरीषला कोणीतरी सांगितलं होतं की मोठ्या कंपन्यांची माहितीपुस्तकं असतात. म्हणून त्याने मला पुस्तिका लिहायला घेतलं. ‘सर, भाषा रिच पाहिजे,’ तो म्हणाला. पुस्तिका त्याने पुढे कधी वाचली नाही. त्याच्या मते अशा गोष्टी वाचायच्या नसतात, असायच्या असतात. हे मत एका गुढीपाडव्याला त्याच्याच गळ्यात आलं, पण ते पुढे.

ॲप एकदा करून संपत नाही, हे मला तिथे कळलं. त्याच्या आवृत्त्या निघत राहतात. १.७, १.८, १.९. प्रत्येक आवृत्ती आधी ऑफिसात तयार होते, मग चार ओळखीच्या कारखानदारांच्या मोबाइलवर चाचणीला जाते, मग ॲप मिळतात त्या स्टोअरकडे तपासणीला जाते आणि त्यांनी मान डोलावली की लोकांना मिळते. शिरीष मात्र पहिल्या पायरीलाच नारळ फोडायचा. लॅपटॉपला हार, पेढे, स्टेटसवर फोटो: ‘वी आर लाइव्ह’. मग दिवसभर फोन खणखणायचे. ‘नवीन आलंय म्हणता, माझ्या मोबाइलात तर नाय.’ फोन घेणाऱ्या दोघी शिरीषकडे बघायच्या. शिरीष म्हणायचा, ‘सांगा, निघालीय.’

पमाताई चाचणी करायच्या कामाला होत्या. मूळच्या रोह्याअलीकडच्या निडी गावच्या. बी.एस्सी. करून रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलेली. तिथला एकच धर्म त्या पाळत आल्या होत्या: ‘लेबल नाय तो ड्रम नाय.’ ड्रममध्ये काय आहे हे सुपरवायझरच्या बोलण्यावरून ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. ती नोकरी सोडायचं कारण रात्रपाळी. घरी त्या आणि म्हातारी आई. आईला दिवसा कमी दिसायचं, अंधारात काहीच नाही. एका रात्री म्हातारी विहिरीच्या कठड्यापाशी उभी सापडली, तेव्हा ताईंनी रात्रपाळीला रामराम ठोकला. काहीतरी कोर्स केला आणि पेणची ही नोकरी धरली. सकाळच्या गाडीने यायचं, संध्याकाळच्या गाडीने जायचं. पगार कमी, पण रात्री घरी. ‘मास्तर, ही नोकरी गेली तर मला परत शिफ्ट हाय,’ असं त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या. त्यात रडगाणं नव्हतं. लेबल लावून ठेवलं होतं, बस.

तर त्या ‘निघालीय’ला कंटाळून ताईंनी एक छोटं साधन लिहिलं. संगणकावर त्याचं नाव टाकायचं, पुढे ॲपचं नाव टाकायचं, की ते स्वतः स्टोअरमध्ये डोकावून यायचं आणि सगळ्या आवृत्त्या ओळीने दाखवायचं. कुठली कुठे आहे त्यासकट. ऑफिसात असेल तर ‘घरात’. चाचणीत असेल तर ‘दारात’. तपासणीत असेल तर ‘रस्त्यात’. लोकांना मिळत असेल तर ‘पोचली’. फोन घेणाऱ्या दोघींना पहिल्या दिवसापासून कळलं. शिरीषला इंग्रजी शब्द हवे होते. ताई म्हणाल्या, ‘साहेब, इंग्रजीत चारीला लाइव्हच म्हणता तुम्ही.’

या साधनाची पुस्तिका मी लिहायची होती. मी जोमात सुरुवात केली: ‘हे अत्याधुनिक साधन वापरकर्त्याला आवृत्त्यांचे सर्वंकष चित्र क्षणार्धात उपलब्ध करून देते.’ ताईंनी कागद घेतला. त्यांची वाचायची एक तऱ्हा होती. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘यात खोटं कुठं हाय?’

‘अत्याधुनिक?’

‘मी गाडीत बसून केलंय. नागोठण्यापर्यंत झालं पण होतं.’

‘सर्वंकष?’

‘एवढा थोरला शब्द. त्याला बसायला जागा कुठं हाय?’

‘क्षणार्धात?’

‘आपलं इंटरनेट बघितलंत?’

उरलं ते असं: ‘हे साधन आवृत्त्यांची यादी दाखवते.’ मला वाटलं होतं त्यापेक्षा ते बरं वाटत होतं, आणि त्याचा मला राग आला. पुढे त्यांनी हट्ट धरला की पहिल्या पानाचं शीर्षक ‘हे साधन काय करत नाही’ असं असावं. मी म्हटलं, अशी सुरुवात जगात कोणी करत नाही. ‘म्हणून तर फोन वाजतात,’ त्या म्हणाल्या. त्या पानावर लिहिलं: हे साधन ॲप दुरुस्त करत नाही. आवृत्ती चांगली आहे की वाईट, हे सांगत नाही. उद्या काय होईल, हे याला माहीत नाही.

आता त्या नेहमी बरोबर असायच्या असं कोणी समजू नये. थंडीत त्यांनी सगळ्या ऑफिसला निडीला पोपटीला बोलावलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, तोंड पाल्याने बंद करायचं, मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ करायचा. झाली की नाही हे कळायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र करून उडून गेलं की झाली. ताईंनी ऐटीत पाणी शिंपडलं, कान लावला आणि पदर खोचून जाहीर केलं, ‘पोचली!’

मडकं उघडलं. शेंगा वाटल्या. पहिला घास ताईंच्या आईचा.

‘काय गो पमे,’ म्हातारी म्हणाली, ‘वाल कच्चं हाय, का माझं दात गेलं?’

दात जाऊन जमाना झाला होता. वाल कच्चाच होता. शिरीष मात्र डोळे मिटून चावत होता. ‘वा! काय ऑथेंटिक टेस्ट आहे!’

‘साहेब, कच्चं हाय ते. टाका.’

‘तेच तर! रस्टिक!’ त्याने एक फोटोही काढला.

मी हळूच विचारलं, ‘ताई, ही घरात म्हणायची की दारात?’ त्या इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. मग सगळ्यांच्या हातातल्या शेंगा परत गोळा केल्या, मडक्यात भरल्या आणि पुन्हा जाळ घातला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या त्यांनी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवायला लावली: ‘हे साधन लिहिणारीही चुकते. शंका आल्यास आपला मोबाइल स्वतः उघडून पाहावा.’

मग गुढीपाडवा जवळ आला. शिरीषने ठरवलं की मखरची आवृत्ती २.० पाडव्याच्या मुहूर्तावर ‘लोकार्पण’ करायची. हॉल घेतला, पाहुणे ठरवले. स्टोअरला मात्र पाडवा कधी असतो हे ठाऊक नव्हतं. २.० तपासणीत अडकली. साधन रोज एकच सांगायचं: २.०, रस्त्यात.

त्या दिवसांत खालच्या कारखान्याच्या मालकीण सुमनकाकू वर आल्या. नवरा गेल्यापासून कारखाना त्याच चालवायच्या. डोळ्यांवर चष्मा, पदराला रंग, आणि छापलेलं काहीही वाचायची सवय. पेढ्याचा पुडा आला की आधी पुड्याचा कागद वाचायच्या. बाहेरगावच्या नोंदणीसाठी त्या दर वर्षी पत्रक छापत. २.०मध्ये ती नोंदणी ॲपवर होणार होती.

‘शिरीष, मग यंदा पत्रकात फोन नंबर नको ना टाकू? फोन घेऊन घेऊन माझा कान गेला. माणूस एक तर फोन घेल नाय तर मूर्ती रंगवेल.’

‘काकू, बिनधास्त काढा. पाडव्यापासून सगळं ॲपवर. टू पॉइंट ओ निघालीय.’

ताईंनी मान वर केली. काकू गेल्यावर त्यांच्यामागे जिना उतरल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या.

‘सांगितलंत?’ मी विचारलं.

‘सांगितलं. म्हटलं काकू, नंबर काढू नका, रस्त्यात हाय ती अजून. तर म्हणतात, साहेब स्वतः बोलला. नारळ फोडणारा माणूस खोटं कशाला बोलेल?’

फोन बंद आणि ॲप नाही म्हणजे काकूंचा बाहेरगावचा अख्खा हंगाम जाणार, हे कळायला संगणक लागत नव्हता. दुसऱ्याच दिवशी शिरीषने ताईंना बोलावलं. मी पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचा कुठला फोटो घ्यायचा या चर्चेसाठी तिथेच होतो.

‘ताई, स्टेजवर मी तुमचं टूल लाइव्ह दाखवणार. तेव्हा टू पॉइंट ओसमोर ‘पोचली’ दिसलं पाहिजे.’

‘पोचली तर दिसेल.’

‘पोचेलच हो. दिसायला काय हरकत आहे?’

मला वाटलं ताई आता नाही म्हणणार. त्या म्हणाल्या, ‘करते. एक पर्याय घालते. नावापुढे दोन रेघा देऊन ‘साहेब’ लिहायचं. तुम्हाला हवं ते दिसेल.’

‘सुपर!’ शिरीष म्हणाला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याकडे नुसता बघत राहिलो. ‘मास्तर, तोंड मिटा,’ त्या म्हणाल्या. ‘नाय म्हटलं असतं तर त्याने दुसऱ्याकडून करून घेतलं असतं. आणि तो दुसरा लिहून ठेवणार नाय. आपण लिहू. घ्या पेन.’

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. पुस्तिकेच्या शेवटून दुसऱ्या पानावर, बाकीच्या पर्यायांच्या खाली, त्याच टायपात: ‘साहेब: हा पर्याय दिल्यास साहेबांना हवी ती आवृत्ती पोचलेली दिसते. लोकांना काय मिळते याच्याशी त्याचा संबंध नाही.’

त्यांनी वाक्यांवर बोट ठेवलं. ‘यात खोटं कुठं हाय?’

‘कुठेच नाही. पण ताई, नोकरी जाईल.’

‘अजून घरात हाय ती. दारात आली की बघू.’ असं म्हणाल्या खऱ्या. पण त्या दिवशी डबा न खाता त्यांनी तसाच परत नेला, हे मी पाहिलं.

पुस्तिका गुळगुळीत कागदावर छापली गेली. शिरीषने मुखपृष्ठ तीनदा बदललं आणि आत एकदाही पाहिलं नाही. पाडव्याला हॉलमधल्या प्रत्येक खुर्चीवर एकेक प्रत, वर चाफ्याचं फूल. स्वागत झालं, दीपप्रज्वलन झालं, पाहुणे ‘डिजिटल’ या शब्दावर बराच वेळ बोलले. मग शिरीष पडद्यापुढे आला आणि भल्यामोठ्या अक्षरांत त्याने टाइप केलं: निघाली मखर, दोन रेघा, साहेब. साधनाचं नाव ‘निघाली’ होतं हे सांगायचं राहिलंच.

पडद्यावर आलं: मखर २.०, पोचली.

टाळ्या. टाळ्या थांबल्यावर दुसऱ्या रांगेतून आवाज आला.

‘शिरीष बाळा, ते ‘साहेब’ न लिहिता एकदा दाखव ना.’

सुमनकाकू उभ्या होत्या. एका हातात पुस्तिका, दुसऱ्याने चष्मा सावरत.

‘काकू, तो जरा तांत्रिक भाग आहे.’

‘तांत्रिक कुठं, मराठीत हाय की.’ आणि त्यांनी ती दोन्ही वाक्यं खड्या आवाजात वाचली. सवयीने पुढचीही वाचली: मुद्रण, कागद, सर्व हक्क राखीव.

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. पाहुण्यांना आता काहीतरी करायला मिळालं होतं. ‘दाखवा, दाखवा,’ ते उदारपणे म्हणाले. शिरीषने ‘साहेब’ खोडलं. एकेक अक्षर, मागून पुढे. बटण दाबलं.

मखर १.९, पोचली. मखर २.०, रस्त्यात.

मी ताईंकडे पाहिलं. त्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातांची घडी घालून, आणि पहिल्यांदाच मला त्यांचा चेहरा वाचता आला नाही.

आमच्या शिरीषचं मला एका गोष्टीसाठी कौतुक वाटतं. तो पडला तरी व्यासपीठावरच पडतो. त्याने हात पसरले. ‘मित्रांनो, हीच ती आमची पारदर्शकता!’ आणि आधीपेक्षा जोरात टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तर त्याला मिठी मारली. फक्त सुमनकाकू टाळ्या न वाजवता बाहेर पडल्या, छापखान्याला फोन लावून. ‘हां, छापायचं थांबव रे. नंबर घाल परत माझा. मोठ्या अक्षरात.’

२.० पोचली ती पुढे बऱ्याच आठवड्यांनी. तोवर काकूंचा कान गेला, पण हंगाम राहिला.

ताईंना शिरीषने लगेच काही म्हटलं नाही. मग एक दिवस आत बोलावून तो बराच वेळ मूल्यं, संस्कृती, भूमिकेचा फेरविचार असं बोलत राहिला. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हंजे कधीपासून येऊ नको?’ त्याला ते वाक्य शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. तारीख त्यांनीच ठरवून दिली. साधन मात्र राहिलं. ‘साहेब’ हा पर्याय काढून टाकला गेला. पुस्तिकेचं पहिलं पान काढायचाही विचार झाला होता, पण फोन घेणाऱ्या दोघींनी ते कापून आपल्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवलं होतं, आणि चिकटवताना खळ भरपूर वापरली होती.

शेवटच्या दिवशी मी त्यांना पोचवायला पेण स्टेशनवर गेलो. संध्याकाळची रोह्याची गाडी. हातात नेहमीची पिशवी, डबा, आणि काकूंनी दिलेली वीतभर मूर्ती कागदात गुंडाळलेली.

‘पुढे काय?’

‘रोह्याला विचारलंय लॅबमध्ये. जनरल शिफ्ट हाय, रात्रपाळी नाय.’

‘मिळाली?’

‘दारात हाय.’

(ती नंतर मिळाली. तसा एका शब्दाचा संदेश आला, आणि तो कोणता हे सांगायला नको.)

शिरीषला निरोप समारंभाशिवाय माणूस जाऊ देणं जमत नाही. स्टेशनवर येऊन शाल-श्रीफळ देणार असा त्याने निरोप धाडला होता. गाडीचा भोंगा लांबून ऐकू आला तेव्हा ताईंचा फोन वाजला. शिरीषचा आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरला तरी फलाटाला ऐकू यावं.

‘ताई! निघालोय! पोचतोच हां, गाडी सोडू नका!’

‘साहेब,’ ताई म्हणाल्या, ‘घरात, का दारात?’

पलीकडे कुकरची एक लांबलचक शिट्टी झाली.

‘घरात,’ शिरीष म्हणाला.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. चाचणीत एखादी आवृत्ती पहिल्या फटक्यात पास झाल्यावरही त्यांचा चेहरा इतका खुललेला मी कधी पाहिला नव्हता. ‘बरं झालं सांगितलंत,’ त्या फोनमध्ये म्हणाल्या, आणि आवाजात टोमणा नव्हता. ‘आता येऊ नका. जेवा गरम गरम. शाल राहू दे, उकडतंय.’

गाडी लागली. त्या चढल्या, दारातच उभ्या राहिल्या. सगळे म्हणतात तसं मीही म्हटलं, ‘ताई, पोचलात की कळवा!’

‘पोचले तर कळवीन,’ त्या ओरडल्या. ‘आधी नाय!’

गाडी हलली. डब्यात वेलीच्या भाज्या विकून परतणाऱ्या बायका पाट्या मांडून बसल्या होत्या. मूर्ती पोटाशी धरून ताई त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांनी काहीतरी सांगायला सुरुवात केली. शब्द मला ऐकू आले नाहीत. गाडी वळणावर जाईपर्यंत दिसत होतं ते एवढंच, की एक बाई हसून पाटीवर कोसळली, आणि मग एकेक करत सगळा डबा.